मोटरहोमनं देश बदलताना खायचं-प्यायचं काय न्यायचं, काय घरीच ठेवायचं

हल्ली सोलापुरातल्या बऱ्याच घरांत मुलगा नाहीतर मुलगी तिकडं युरोपात नाहीतर इंग्लंडात आहे, आणि उन्हाळ्यात आई-बाबा गेले की भाड्यानं मोटरहोम घेऊन तीन-चार देश फिरवून आणायचे हा बेत ठरलेलाच असतो. बेत एकदम भारी आहे, गाडीतच पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, सिंक, त्यामुळं आपल्या लोकांच्या जेवणाचे हाल होत नाहीत, सकाळी पोहे, रात्री पिठलं, सगळं जमतं. पण त्यामुळंच एक गैरसमज होतो, की स्वयंपाकघर आपल्यासोबत आहे म्हणजे त्यात काय ठेवायचं ते आपणच ठरवणार. तसं नाहीये बघा. सीमेवर गाडीतला फ्रीज, कपाटं, सीटखालचे डबे हे सगळं तुमचं सामानच धरतात, ते उघडून बघू शकतात आणि जे चालत नाही ते काढून घेऊन नष्ट करतात. घरचं कढवलेलं तूप डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना बघायचं म्हणजे जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय, बॅगा भरताना समोर ठेवा.

भरायला बसलात की प्रत्येक डबा हातात घेऊन तीन गोष्टी विचारायच्या. यात दूध आहे का? यात मांस आहे का? हे ताजं-हिरवं आहे का किंवा पेरलं तर उगवेल का? तिन्हीला नाही असं उत्तर आलं तर तो डबा युरोपातल्या बहुतेक सीमा निवांत पार करतो. एकाला जरी हो आलं तर थांबायचं आणि त्या देशाचा नियम बघायचा. घरचं आहे का विकतचं, थोडंच आहे का जास्त, आम्ही शाकाहारी आहोत का नाही, याला तिथं फारसा अर्थ नसतो.

आमच्या आत्या दर वेळी म्हणतात, "अगं घरच्या म्हशीचं तूप हाय, त्यात काय भेसळ हाय का, घे की एक बरणी." त्यांचं प्रेम खरंय, पण प्रश्न भेसळीचा नाहीच. प्रश्न आहे लाळखुरकतीचा. आपल्याकडं जनावरं पाळणाऱ्या प्रत्येकाला हा रोग माहितीये, तोंडात-खुरात फोड येतात, लाळ गळते, दूध आटतं, दरवर्षी लसी टोचाव्या लागतात. आपल्या देशात हा रोग आहेच, आणि युरोप-इंग्लंडात तो येऊ नये म्हणून ते जीव तोडून सांभाळतात, कारण एकदा घुसला की काय होतं ते त्यांनी भोगलंय. इंग्लंडात २००१ साली साथ आली तेव्हा ६० लाखांवर जनावरं मारावी लागली, आख्खी गावं बंद होती. दूध, मांस यांतून विषाणू जाऊ शकतो, म्हणून बंदी. आपल्याकडं २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवले होते ना, कुणाचं जनावर धडधाकट आहे न आहे ते न बघता सरसकट, अगदी तसंच आहे हे. एवढं घरातल्या मोठ्यांना समजावून सांगितलं की ते स्वतःच बरणी खाली ठेवतात, असा माझा अनुभव आहे, नुसतं "चालत नाही" म्हटलं की मात्र रुसवा होतो.

सोलापूरहून निघताना

आता आपलं नशीब बघा, सोलापूरचं जे प्रवासाचं खाणं आहे ते या नियमात इतकं चपखल बसतं की वेगळं काही शोधायची गरजच नाही. शेंगाचटणी: शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, संपलं. दूध नाही, मांस नाही, ताजं काही नाही. कडक भाकरी: ज्वारी नाहीतर बाजरी, पाणी, मीठ. तीपण तशीच, आणि वर महिनाभर टिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची मिळाली तर फारच उत्तम. सोबत भाजलेले शेंगदाणे, शेंगापोळी, गुळाची चिक्की, मेतकूट, काळं तिखट, येसर, जवसाची-कारळ्याची चटणी, डाळी, पोहे, रवा, साबुदाणा, पापड, कुरडया, साधे डाळीचे सांडगे. एवढ्यावर पंधरा दिवस आरामात निघतात, फक्त ताजी भाजी, दूध-दही तिथं घ्यायचं.

कडक भाकरी न्यायची एक पद्धत सांगते कारण ती फुटून चुरा होते आणि मग सगळे हळहळतात. विकतचं पाकीट असलं तरी ते तसंच बॅगेत टाकायचं नाही. पसरट स्टीलचा डबा घ्यायचा, त्याच्या तळाशी आपला सोलापुरी टॉवेल घडी घालून, त्यावर पाच-सहा भाकऱ्या, मध्ये परत टॉवेलची घडी, वर भाकऱ्या, आणि झाकण लावायच्या आधी उरलेल्या जागेत रुमाल कोंबायचे म्हणजे आत काही हलता कामा नये. डबा सूटकेसच्या मधोमध, भोवती कपडे. टॉवेल तिकडं लागतातच. नंतर गाडीत हाच डबा वरच्या कपाटात न ठेवता सीटखाली ठेवायचा, मोटरहोम वळणावर फार हलते आणि वरचं कपाट उघडून सगळं खाली येतं. आणि तरी चुरा झालाच तर त्यात कांदा, तेल, शेंगाचटणी, लिंबू टाकून कालवायचं, फार छान लागतं.

चटणीच्या, मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवा. मोठ्या अक्षरात, मार्करनं, "रोस्टेड पीनट चटणी, नो मिल्क, नो मीट" एवढंच. लाल-काळी पूड प्लास्टिकच्या पिशवीत बिननावाची दिसली की कुणीही अधिकारी उघडायला लावणारच, त्यात त्याची काही चूक नाही. विकतचं घेतलं, म्हणजे सोलापुरात मधला मारुतीकडं नाहीतर नवी पेठेत मिळतं तसं पॅकबंद, तर त्यावर घटक इंग्रजीत छापलेत का बघून घ्या.

घरी ठेवायच्या गोष्टी नीट वाचा, कारण यात काही लपलेल्या आहेत. तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर, श्रीखंड, विरजण, हे तर कळतंच. पण सांडगी मिरची ताकात नाहीतर दह्यात मुरवलेली असते, तीपण दुधाच्या यादीत जाते. चहाचं इन्स्टंट प्रीमिक्स, ज्यात नुसतं गरम पाणी टाकायचं, त्यात दूध पावडर असते. रेडी टू ईट पाकिटांतली पनीरची भाजी, दाल मखनी, त्यात पनीर, लोणी, क्रीम. उपम्याच्या प्रीमिक्समध्येसुद्धा काही कंपन्या तूप टाकतात, मागं वाचायचं. बिस्किटं, केक, ब्रेड, चॉकलेट, गोळ्या यांना सूट आहे, त्यात थोडं दूध असलं तरी चालतं, फक्त मांस नको. तुपातल्या लाडवांचं मात्र अवघड आहे, घरचे, बिनलेबलचे, तुपाचा वास येणारे लाडू सूट असलेल्या मिठाईत धरायचे का दुधाच्या पदार्थात हे समोरचा अधिकारी ठरवणार. त्यापेक्षा शेंगदाण्याचे गूळ घालून केलेले लाडू न्या, कुणी काही म्हणत नाही.

ताज्याचं असं. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरून कुठलंही ताजं फळ, भाजी, पालेभाजी, फूल आणायचं तर रोपं-फळं निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, तुमच्या हातातल्या पिशवीतलं असलं तरी. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. म्हणजे कढीपत्ता, हिरवी मिरची, आलं, लिंबू, शेवग्याच्या शेंगा, विड्याची पानं, गजरा, देवाला वाहायची फुलं, काही नाही. आणि आंबा तर नाहीच नाही, मे महिन्यात जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मोह तोच असतो म्हणून मुद्दाम सांगते. फळमाशीमुळं २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपियन युनियननं आपल्या हापूसची आख्खी आयातच थांबवली होती, पुढच्या वर्षी ती उठली, ते या विषयात किती कडक आहेत ते यावरून समजा. मुलाच्या बाल्कनीत लावायला मेथी-कोथिंबिरीचं बी नेतात लोकं, तेपण नको, पेरायच्या बियांना प्रमाणपत्र लागतं. फोडणीचे धने, मोहरी, मेथी स्वयंपाकाचे म्हणून पॅकबंद न्या.

मांसाहारी मंडळींसाठी: सुकं मटण, चिकन लोणचं वगैरे अजिबात नाही. पण मासे चालतात, माणशी २० किलोपर्यंत, त्यामुळं सुकट, बोंबील खुशाल न्या, फक्त तीनदा गुंडाळा, मोटरहोम बंद खोली आहे, वास गाडीवाल्याला परत देईपर्यंत जात नाही. मध २ किलोपर्यंत चालतो.

बाळ सोबत असेल तर त्याच्या दुधाच्या पावडरला, बेबी फूडला सूट आहे. माणशी २ किलोपर्यंत, कंपनीचं पॅक, फोडायच्या आधी फ्रीजमध्ये ठेवावं लागत नाही असं, आणि वापरातला डबा सोडून बाकीचे सीलबंद. आजारपणामुळं खास आहार लागतो त्यांच्यासाठीही असंच आहे, पण डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत सोबत असूद्या.

विमानाचं थोडक्यात. अख्खं सुकं खोबरं विमानात नेत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनच्या, त्यातल्या तेलामुळं ते पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. लोणचं, तेल, तिखटाची पूड चेक-इनमध्येच. दुबईमार्गे जात असाल आणि मध्ये दोन दिवस तिथं उतरणार असाल तर खसखस आणि विड्याची पानं बॅगेत अजिबात नकोत, खसखस तिथं अमली पदार्थांत धरतात, थट्टा नाही ती. मसाल्यात घातलीये का तेपण आठवून बघा.

गाडीत बसल्यावर

युरोपियन युनियनच्या आत फिरताना, म्हणजे जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, खाण्यापिण्याला सहसा आडकाठी नाही. फ्रान्समध्ये घेतलेलं चीज, दूध, दही इटलीत चाललं. सीमा कधी ओलांडली तेही कळत नाही, मोबाईलवर वेलकमचा मेसेज येतो तेवढंच. एखाद्या भागात जनावरांची साथ चालू असेल तर तिथले तात्पुरते नियम वेगळे, ते बातम्यांत कळतं.

गंमत म्हणा नाहीतर घोळ म्हणा, तो स्वित्झर्लंडला होतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या सीमेवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात आहे, म्हणून पासपोर्टला कुणी अडवत नाही, आणि त्यामुळं लोकांना वाटतं इथंही सगळं मोकळंच. पण ते युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळं कस्टम आहे, आणि मोटरहोम दिसली की बाजूला घ्यायला सांगू शकतात. युनियनमधून जाताना दूध-मांसाला रोगाच्या कारणानं बंदी नाही, पण मापं आहेत. माणशी मांस १ किलो, लोणी आणि क्रीम मिळून १ किलो, तेल-मार्गारीन ५ किलो, दारू १८ टक्क्यांपर्यंतची ५ लिटर आणि त्यावरची १ लिटर. आणि सगळ्या खरेदीची मिळून किंमत माणशी १५० फ्रँकच्या आत, १ जानेवारी २०२५ पर्यंत हा आकडा ३०० होता, जुनी माहिती वाचून जाऊ नका. स्वित्झर्लंडात किराणा फार महाग म्हणून सगळे जर्मनीतून नाहीतर फ्रान्समधून भरून घेतात, शहाणपणाचंच आहे, फक्त चिकन आणि लोणी मोजून घ्या आणि बिल गाडीत ठेवा. तेलाचा ५ लिटरचा कॅन एकट्याच्या नावावर बसतो. जास्त झालं तर स्वतःहून सांगून ड्युटी भरायची, त्यांचं मोबाईल ॲपही आहे.

नॉर्वेचंही तेच, शेंगेनमध्ये आहे, युनियनमध्ये नाही. तिथं युरोपातून माणशी १० किलोपर्यंत मांस-चीज वगैरे चालतं, पण बटाटे अजिबात नाही. आपल्या लोकांच्या गाडीत बटाट्याची पिशवी असतेच, म्हणून सांगितलं. रस्सा-भाजी करून संपवा आणि मग जा.

आता सगळ्यात जास्त जपायची सीमा, इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधली. २०२१ पासून इंग्लंड युनियनमधून पूर्णपणे बाहेर पडलं, तेव्हापासून इंग्लंडमधून युरोपात जाताना दूध, दही, चीज, लोणी, मांस, आणि ते घातलेली सँडविचसुद्धा चालत नाहीत. त्या जानेवारीत नेदरलँड्सच्या बंदरावर ट्रक ड्रायव्हरांच्या डब्यातली हॅमची सँडविच काढून घेतानाचं चित्रण टीव्हीवर आलं होतं, ड्रायव्हर बिचारे ब्रेड तरी ठेवा म्हणत होते. ताजी फळं-भाज्यापण त्या पाच सोडून नाही. म्हणजे मुलगी लंडनजवळ राहते, तिच्या घरून गाडी भरून इंग्लंडातल्या डोव्हर बंदरातून फ्रान्समधल्या कॅलेला निघालात, तर तिच्या फ्रीजमधलं पनीर, दह्याचा डबा, टोमॅटो, काही घ्यायचं नाही.

उलट दिशेनं, म्हणजे युरोपातून इंग्लंडात येताना, आधी बरीच मोकळीक होती. पण २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत बर्लिनजवळ म्हशींमध्ये लाळखुरकत सापडली, मग मार्चमध्ये हंगेरी, स्लोव्हाकियात, आणि १२ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडनं युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातली. पॅकबंद असलं, ड्युटी फ्री दुकानातून घेतलेलं असलं, तरी नाही. पकडलं तर देऊन टाकायचं नाहीतर ते जप्त करून नष्ट करणार, आणि गंभीर प्रकरणात ५,००० पौंडांपर्यंत दंड आहे. ब्रेड, केक, बिस्किटं, चॉकलेट, पास्ता चालतो, बाळाची पावडरही. म्हणजे पॅरिसहून मुलांसाठी चॉकलेट आणा, जावयासाठी चीज नको. दोन्ही बाजूंनी हे नियम सोपे करायचा करार करायचं २०२५ च्या मे महिन्यात ठरलंय, त्यामुळं हे बदलू शकतं, निघायच्या आदल्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या आणि युरोपियन युनियनच्या साइटवर बघूनच जा.

क्रोएशियाच्या किनाऱ्यानं डुब्रॉव्हनिकला जाणार असाल तर एक मजेशीर जागा आहे. मध्ये बोस्नियाची चिंचोळी पट्टी समुद्रापर्यंत आलीये, नेउम गावाजवळ, आणि बोस्निया युनियनमध्ये नाही, त्यामुळं जुन्या रस्त्यानं गेलं की काही किलोमीटरमध्ये युनियनमधून बाहेर आणि परत आत. परत आत येताना नियमानं बाहेरूनच आलात, मग फ्रीजमधल्या दुधाचा प्रश्न. २०२२ च्या जुलैत पेल्येशात्सचा पूल सुरू झाला तेव्हापासून बोस्नियात न शिरता थेट जाता येतं. मोटरहोमवाल्यांनी पुलावरूनच जावं, व्हिसाची भानगडही वाचते. सर्बिया, मॉन्टेनेग्रोहून परत युनियनमध्ये येताना मात्र फ्रीज रिकामा हवाच.

सीमेच्या आदल्या रात्री

खरं कौशल्य इथं आहे, आणि हे घरातल्या बाईमाणसांना फार छान जमतं. सीमा परवा असेल तर आजपासून दूध-दही-पनीर नवीन घ्यायचं बंद. आदल्या रात्री फ्रीज पूर्ण उघडून एकेक गोष्ट ओट्यावर काढायची. दूध उरलंय त्याची खीर, दही उरलंय त्याची कढी नाहीतर ताक करून प्यायचं, पनीर तव्यावर परतून तिखट-मीठ घालून पोरांना द्यायचं, टोमॅटो-मिरच्या-कोथिंबीर सगळी एका पिठल्यात नाहीतर भरतात. दूध आटवून खवा केला म्हणजे चाललं असं मानू नका, तो दुधाचाच पदार्थ. शिजवलेली भाजी नेता येते का असं विचारतात, मांस आणि दूध नसलेली, पूर्ण शिजवलेली भाजी ही ताज्या भाजीत येत नाही, पण तुपाची फोडणी असेल तर सोडा. उरलंच तर कॅम्पसाइटवर शेजारच्यांना द्या, लोकं आनंदानं घेतात आणि ओळख होते. कॅम्पसाइटच्या मैदानात, झाडाखाली, जनावरांना म्हणून टाकू नका, आपल्याकडची ती सवय तिथं खरंच घातक आहे, डुकरांचा आफ्रिकन ताप नावाचा रोग खारवलेल्या मांसाच्या तुकड्यात महिनोन्‌महिने टिकतो आणि रानडुकरांनी तो तुकडा खाल्ला की पसरतो. झाकणाच्या कचरापेटीतच टाका.

मग फ्रीजचे कोपरे बघा. दाराच्या कप्प्यात कॉफीबरोबर फुकट मिळालेल्या क्रीमच्या डब्या, लोण्याच्या वड्या, अर्धं चीज स्लाइसचं पाकीट, हेच राहतं आणि हेच सापडतं. पोरांच्या सॅकमध्ये सफरचंद असतंच.

दुसऱ्या दिवशीचं जेवण सीमा ओलांडून पहिलं सुपरमार्केट सापडेपर्यंत कोरड्यावर काढायचं. कांदा आदल्या दिवशीच खाऊन संपवा म्हणजे तोही प्रश्न नको, त्या दिवशी नुसती कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेलाची धार. तेल मात्र न विसरता, कोरडी चटणी घशात बसते. डोव्हर-कॅले बोटीला दीड तास लागतो आणि तेवढा वेळ गाडीत बसू देत नाहीत, वर जावं लागतं, म्हणून डबा, पाणी, बाळाचं सामान आधीच हातातल्या पिशवीत काढून ठेवा. समुद्राखालच्या बोगद्यातल्या रेल्वेनं गेलात तर ३५ मिनिटं गाडीतच बसता येतं. दोन्हीकडं गॅस सिलेंडर बंद करायला लावतात, फ्रीज गॅसवर असेल तर तोही बंद होतो, त्यामुळं तसंही आत नासणारं काही नसलेलं बरं.

अधिकाऱ्यानं गाडी बाजूला घेतली तर घाबरायचं नाही. इंजिन बंद, दार उघडून द्यायचं, जे आहे ते सरळ सांगायचं. संशय असलेला डबा वर काढून ठेवा आणि आपणच विचारा की हे चालतं का. विचारलेल्याला सहसा दंड होत नाही, लपवलेल्याला होतो. घरातली वयस्कर माणसं मध्ये "काय नाही, काय नाही" म्हणून हात हलवतात, ते टाळा, एकानंच बोलायचं.

प्यायचं

दारूबद्दल लाजून कुणी विचारत नाही आणि मग गोंधळ होतो, म्हणून आकडे देते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना १७ वर्षांवरच्या माणसाला कडक दारू १ लिटर किंवा २२ टक्क्यांच्या आतली २ लिटर, त्याशिवाय साधी वाईन ४ लिटर आणि बिअर १६ लिटर. इंग्लंडात येताना बिअर ४२ लिटर, साधी वाईन १८ लिटर, आणि कडक ४ लिटर किंवा फसफसणारी वाईन वगैरे ९ लिटर. सगळं स्वतःसाठी किंवा भेट द्यायला, विकायला नाही. घरात न पिणारी माणसं असली तरी त्यांच्या वाट्याचं त्यांच्या नावावर येतं, पण पोरांच्या नावावर नाही. मुंबईला परत येताना माणशी २ लिटर, एवढं लक्षात ठेवा. आणि आपल्याच देशात मोटरहोमनं फिरणाऱ्यांनो, गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे, सोलापूरहून गुजरातला निघताना गाडीत एक बाटलीसुद्धा नको, आणि विजयपूरकडून, गोव्याकडून येतानाही परवान्याशिवाय दारू आणायची नसते.

युरोपाबाहेर

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातही आपली लोकं मोटरहोमनं फिरायला लागलीत. तिथं वर सांगितलेलं पुरत नाही, ते फार जास्त कडक आहेत. खाण्याची प्रत्येक गोष्ट, अगदी शेंगाचटणीसुद्धा, फॉर्मवर लिहायचीच. न्यूझीलंडला न सांगता सफरचंद सापडलं तरी जागेवर ४०० डॉलर दंड. ऑस्ट्रेलियात तर देशाच्या आतसुद्धा एका राज्यातून दुसऱ्यात जाताना फळं अडवतात, पश्चिम ऑस्ट्रेलियात रस्त्यानं शिरताना चौकीवर गाडी तपासतात, फळं, भाज्या आणि मधपण काढून घेतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात शिरताना अशाच शेतीखात्याच्या चौक्या आहेत. तिथंही आदल्या रात्रीचं तेच करायचं, फळं खाऊन संपवा आणि चौकीनंतरच्या गावात नवीन घ्या. घाईत कुणी "काही आहे का" विचारलं तर आधी फ्रीज आठवा, मग उत्तर द्या.